समुपदेशन : वयाच्या पायऱ्या आणि घराचा उंबरठा

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत समुपदेशन विभागाच्या वतीने सादर केलेले मनोगत)



दरवर्षी या सभेत प्रत्येक विभाग आपल्या कार्याचा आढावा सादर करतो. शस्त्रक्रिया किती झाल्या, किती रुग्णांना सवलत मिळाली, कोणते नवे यंत्र आले, हे आकड्यांत सांगता येते. आमच्या विभागाचे काम बरेचसे आकड्यांत मावत नाही. म्हणून यंदा अध्यक्षांच्या अनुमतीने आम्ही आढाव्याऐवजी एका प्रश्नावर बोलणार आहोत. माणूस वयानुसार कसा घडत जातो, हे सांगणारे शास्त्र आम्ही शिकून आलो. ते शास्त्र ज्या समाजांत लिहिले गेले, त्यांहून अगदी निराळ्या घरांतली माणसे आमच्यासमोर येऊन बसतात. अशा वेळी शास्त्राला किती मानायचे आणि घराच्या रीतीला किती मानायचे? या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर रुग्णाचे नुकसान होते. आमच्याकडून ते दोनदा चुकले आहे, आणि तेही दोन विरुद्ध दिशांनी. तो अनुभव आज आपणांसमोर ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. रुग्णांची ओळख उघड होऊ नये, यासाठी तपशिलांत आवश्यक ते बदल केले आहेत.

आपले सोलापूर ही अनेक भाषांची नगरी आहे. हातमाग आणि यंत्रमागावर आयुष्य काढलेली पद्मशाली कुटुंबे घरी तेलुगू बोलतात. अक्कलकोटच्या बाजूने येणाऱ्या कित्येक रुग्णांची मायबोली कन्नड आहे. कुणी दखनी उर्दू बोलते, कुणी मराठी. विड्या वळणाऱ्या आयाबहिणींपैकी अनेकींना दोन-तीन भाषा सहज येतात. पण दुखणे सांगण्याची भाषा मात्र प्रत्येकीची एकच असते. ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत आमच्या दारात क्वचितच कुणी येते. मराठी बाई म्हणते, ‘जीव घाबरा होतो’. तेलुगू बाई ‘गुंडे दड’ सांगते. कन्नड आजी छातीवर हात ठेवून ‘एदे डवडव’ म्हणते. हृदयाच्या तपासण्या निर्दोष निघाल्यावर हेच रुग्ण आमच्याकडे पाठवले जातात. ‘तुम्हाला काही झालेले नाही’ हे वाक्य त्यांनी तोवर बऱ्याच ठिकाणी ऐकलेले असते.

आमच्या शिक्षणात मानवी विकासाच्या सिद्धान्तांना मोठे स्थान आहे. त्यांतील एकाचाच येथे विस्ताराने उल्लेख करतो, कारण रुग्णालयात तो सर्वाधिक उपयोगी पडतो. एरिक एरिक्सन यांनी 1950 साली प्रसिद्ध झालेल्या ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ या ग्रंथात मनुष्याच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. तान्ह्या बाळाला जगावर विश्वास ठेवायला शिकायचे असते. पुढे स्वायत्तता, पुढाकार आणि उद्यमशीलता येते. तारुण्याच्या उंबरठ्यावर ‘मी कोण’ हा प्रश्न उभा राहतो. त्यानंतर जिव्हाळ्याचे नाते, मग पुढच्या पिढीची जोपासना, आणि अखेरीस आपले आयुष्य जसे झाले तसे स्वीकारण्याची परिपूर्तता. प्रत्येक टप्प्यावर एक ओढाताण असते, आणि आजारपण नेमके त्या ओढाताणीवर बोट ठेवते. मधुमेह आठव्या वर्षी झाला, विसाव्या वर्षी झाला की सत्तराव्या वर्षी झाला, तर रक्तातील साखर तीच असली तरी मनापुढील प्रश्न तीन वेगवेगळे असतात. ही दृष्टी आम्हाला एरिक्सन यांनी दिली आणि तिचे ऋण आम्ही मान्य करतो.

एरिक्सन स्वतः दोन-तीन संस्कृतींच्या सीमेवर वाढले होते. 1902 साली जर्मनीत डॅनिश मातेच्या पोटी त्यांचा जन्म झाला. जन्मदात्या पित्याची ओळख त्यांना कधीच झाली नाही. ज्यू सावत्र पित्याच्या घरी ते लहानाचे मोठे झाले आणि 1933 साली अमेरिकेत गेले. तेथील सू आणि युरोक या आदिवासी समाजांतील बालसंगोपन त्यांनी जवळून पाहिले होते. 1962 साली मानवी जीवनचक्रावरील चर्चासत्रासाठी ते अहमदाबादेस आले आणि तेथील 1918 च्या गिरणी कामगारांच्या लढ्याने इतके प्रभावित झाले की, त्यातून 1969 साली महात्मा गांधींवरील ‘गांधीज ट्रूथ’ हा ग्रंथ सिद्ध झाला. आपल्यासारख्या गिरणगावाला ही गोष्ट जवळची वाटावी. सांगण्याचा हेतू इतकाच की, टप्पे मांडणाऱ्यालासुद्धा ते टप्पे प्रत्येक समाजात निराळ्या रूपाने येतात याची जाण होती. ती जाण आम्ही पाठ्यपुस्तकांतून उचलली नाही. उचलला तो फक्त तक्ता.

आमची पहिली चूक येथेच झाली. यंत्रमागावर काम करणारा एकवीस वर्षांचा एक तरुण क्षयरोगाचे निदान झाल्यावर आमच्याकडे आला. बरोबर आई आणि मामा होते. तेलुगू घरांत या मामाला, म्हणजे ‘मेनमामा’ला, मोठा मान असतो. प्रत्येक प्रश्नावर मुलगा मामाकडे पाहत असे. आमच्या समुपदेशिकेने शिकवणुकीप्रमाणे दोघांना बाहेर बसण्याची विनंती केली. ‘आता तू मोठा झाला आहेस, औषधाची जबाबदारी तुझी, निर्णय तुझा’ असे तिने त्याला मनापासून समजावले. आमच्या नोंदवहीत त्या दिवशी ‘परावलंबी, स्वत्वाची जाणीव अपुरी’ असा शेरा लिहिला गेला. मुलगा मान डोलावून गेला आणि पुन्हा आला नाही. काही महिन्यांनी त्याला उचलून आणावे लागले, तेव्हा त्याची आई म्हणाली, “मॅडम, तुम्ही आम्हाला भायेर बसवलं. पोराला वाटलं, ह्या दुखण्याचं आता त्याचं त्यानंच बघायचं. आमच्यावर भार नको म्हणून भिवंडीला गेला कामाला. तिथं गोळ्या सुटल्या.”

तो तरुण पुढे बरा झाला, ही परमेश्वराची आणि क्षयरोग विभागातील सहकाऱ्यांची कृपा. परंतु जे महिने वाया गेले, ते आमच्या शब्दांमुळे गेले. मामाकडे पाहणे हे त्याच्या बाबतीत दुबळेपण नव्हते. त्याच्या घरात निर्णय अशाच रीतीने घेतले जात, आणि मामाच्या देखरेखीखाली त्याने एकही गोळी चुकवली नसती.

असे का घडले, याचा शोध घेताना आमच्या ध्यानी आले की, मानसशास्त्राचे बहुतेक ज्ञान जगाच्या एका लहान भागातून आले आहे. जेफ्री आर्नेट या अमेरिकी अभ्यासकाने 2008 साली प्रमुख अमेरिकी नियतकालिकांची छाननी केली. संशोधनात सहभागी झालेल्यांपैकी शेकडा 96 व्यक्ती पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील होत्या, आणि एकट्या अमेरिकेतील शेकडा 68 होत्या. उरलेल्या जगाविषयी निष्कर्ष मात्र त्यांच्यावरूनच काढले जात.

तुलना करून पाहिल्यावर कसा फरक पडतो, याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्या म्हैसूरचे आहे. जोन मिलर आणि डेव्हिड बर्सॉफ यांनी 1992 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील न्यू हेवन आणि आपले म्हैसूर येथील मुलांना व मोठ्यांना काही पेचप्रसंग सांगितले. जिवलग मित्राच्या लग्नाच्या अंगठ्या तुमच्याजवळ आहेत. तुमचे पैसे चोरीस गेले. लग्नाला वेळेवर पोहोचायचे, तर दुसऱ्याच्या कोटातील रेल्वेचे तिकीट घेण्यावाचून उपाय नाही. काय कराल? अमेरिकेत अनेकांनी चोरी न करणे हाच धर्म मानला. म्हैसूरमध्ये मित्राला दिलेला शब्द पाळणे हे कर्तव्य मानणाऱ्यांचे प्रमाण पुष्कळ अधिक होते. यातील एक उत्तर प्रगत आणि दुसरे मागासलेले, असे ठरवण्याचा अधिकार कोणत्या मोजपट्टीला आहे? नात्याचे कर्तव्य हीसुद्धा नीतीच आहे, एवढे मान्य केले तरी समुपदेशकाची नजर बदलते. डॉ. सुधीर कक्कर यांनी 1978 च्या ‘द इनर वर्ल्ड’ या ग्रंथात भारतीय बालपणाचा असाच विचार केला. आई, आजी, काका, मामा यांच्या गोतावळ्यात वाढणाऱ्या मुलाचे ‘मी’पण त्या गोतावळ्यासह समजून घ्यावे लागते, हे त्यांच्या लेखनातून आम्हाला उमगले.

हे उमगल्यावर आम्ही उत्साहाने दुसऱ्या टोकाला गेलो. येथे घडली ती आमची दुसरी चूक. वारंवार चक्कर येते म्हणून एका तरुण सुनेला तिची सासू घेऊन येत असे. प्रश्न सुनेला विचारला, तरी उत्तर सासूच देई. ‘कुटुंब हाच यांचा आधार, कुटुंबाला बाहेर काढायचे नाही’ हा धडा आम्ही नुकताच शिकलो होतो. म्हणून तीन भेटी आम्ही दोघींना एकत्र बसवूनच बोललो. सासूबाई सुनेच्या पथ्यपाण्याविषयी आस्थेने बोलत, आणि आम्हाला आमचे काम उत्तम चालल्याचे समाधान वाटत होते. चौथ्या खेपेस रक्तदाब मोजताना परिचारिकेने बाही वर सरकवली. दंडावरील वळ पाहून ती हळूच म्हणाली, “ताई, हे कशानं झालं?” त्या एका प्रश्नानंतर नवऱ्याचे दारू पिणे, रात्रीची मारहाण, उपाशी राहणे, हे सर्व बाहेर आले. चक्कर कशाने येत होती, ते आमच्या तीन भेटींत कळले नव्हते. एकांतात विचारलेल्या एका प्रश्नाने कळले.

आम्ही त्या सासूला त्या घराच्या संस्कृतीची प्रतिनिधी समजून बसलो होतो. सूनही त्याच संस्कृतीतील होती, हे विसरलो. प्रत्येक संस्कृतीत बोलण्याचा अधिकार काहींना अधिक असतो आणि काहींना नसतोच. आपल्या प्राचीन आश्रमव्यवस्थेचे उदाहरण घ्या. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास ही आयुष्याची मांडणी एरिक्सन यांच्या कितीतरी शतके आधीची आहे आणि तिचा आम्हाला आदर आहे. तथापि ती रचना मुख्यतः उच्चवर्णीय पुरुषाचे आयुष्य नजरेसमोर ठेवून केलेली होती. पहाटेपासून विड्या वळणाऱ्या स्त्रीचे टप्पे तिच्यात शोधू गेल्यास सापडत नाहीत. तेव्हा परदेशी तक्ता टाकून देशी तक्ता लावला, म्हणजे समोरचा माणूस समजला, असे होत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याची वाट त्या सुनेला वेळेवर दाखवता आली, याचे श्रेय आमच्या विभागापेक्षा त्या परिचारिकेचे आहे.

बहुसांस्कृतिक समुपदेशन म्हणून जी शाखा आज ओळखली जाते, तिचे सार या दोन चुकांच्या मध्ये आहे. डेराल्ड विंग सू, पॅट्रिशिया अरेडोंडो आणि रॉडरिक मॅक्डेव्हिस यांनी 1992 साली अमेरिकेत या शाखेची सूत्रे मांडली. समुपदेशकाने प्रथम स्वतःचे पूर्वग्रह ओळखावेत. मग समोरच्याच्या जगाचे ज्ञान मिळवावे. आणि त्यानुसार आपली कौशल्ये बदलावीत. हार्वर्डमधील मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी त्याआधीच रुग्णाला विचारण्याजोगे साधे प्रश्न सुचवले होते. या दुखण्याला तुम्ही काय म्हणता? ते कशामुळे झाले असे वाटते? त्याची सर्वांत मोठी भीती कोणती? उपचारातून काय व्हावे अशी इच्छा आहे? पहिल्या भेटीत हे प्रश्न आम्ही आता रुग्णाच्या भाषेत विचारतो. त्यांत आमचा एक प्रश्न जोडला आहे : ‘आपल्या घरी असे निर्णय कोणाबरोबर बसून घेतात, आणि आपल्याला कोण जवळ हवे?’ त्याचबरोबर एक नियम केला आहे. प्रत्येक रुग्णाला थोडा वेळ एकट्याने आणि थोडा वेळ त्याच्या पसंतीच्या माणसासह भेटायचे. हा नियम सर्वांना सारखा असल्यामुळे कुणा सासूला वा मामाला अपमान वाटत नाही.

या पद्धतीचे फळ एका वृद्ध गिरणी कामगाराच्या बाबतीत आम्ही पाहिले. अन्ननलिकेचा कर्करोग बराच पुढे गेला होता. मुलगा हात जोडून म्हणाला, “वडिलांना सांगू नका, ते खचतील.” पूर्वी आम्ही एक तर त्याची समजूत घातली असती, नाही तर निमूट मान्य केले असते. या वेळी आम्ही आजोबांनाच एकांतात विचारले, “आजोबा, आपल्या आजाराची माहिती आपल्याला स्वतःला हवी, की घरच्यांपैकी कुणाला सांगावी?” आजोबा हसून म्हणाले, “मला सगळं ठाऊक आहे. पोराला मात्र सांगू नका, घाबरंल तो.” बापलेक एकमेकांना सांभाळण्यासाठी एकमेकांपासून तेच लपवत होते. दोघांच्या संमतीने त्यांना एकत्र बसवले. आजोबांची इच्छा मोठी नव्हती. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत नातवाने बाराबंदी घालून चालावे आणि ते डोळ्यांनी पाहावे. वेदनाशमनाच्या औषधांची वेळ तेवढी डॉक्टरांनी जुळवून दिली. जानेवारीत ते खुर्चीत बसून मिरवणूक पाहून आले. एरिक्सन ज्याला परिपूर्तता म्हणतात, ती या घरात त्या रूपाने आली.

कुटुंबाला उपचारात सामावून घेण्याची परंपरा आपल्या देशातील वैद्यकालाही नवी नाही. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबू ठोकून राहू दिले; आजार समजून घेऊन ती माणसे रुग्णाला घरी घेऊन जाऊ लागली. समुपदेशनासाठी मोठ्या पदव्याच लागतात, हा समजही पुढे दूर झाला. गोव्यात स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य व चिंतेच्या रुग्णांसाठी समुपदेशन करण्यात आले, आणि सरकारी केंद्रांतील रुग्णांना त्याचा लाभ झाल्याचे 2010 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 पासून दवाखान्याच्या आवारातील बाकावर आज्यांना बसवले. तेथील लोक आपल्या दुखण्याला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे ‘फार विचार करणे’, म्हणतात. आज्यांनी तोच शब्द वापरला, आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा गुण दिसून आला.

आता अखेरीस एक उणीव प्रांजळपणे सांगतो. आमच्याकडे सर्व भाषा जाणणारे समुपदेशक नाहीत. एकदा कन्नड भाषक मातेच्या गर्भाशयाच्या विकाराविषयी आम्ही तिच्या अकरा वर्षांच्या मुलीकरवी बोललो. मुलगी शाळेत हुशार होती, तिने प्रत्येक शब्द नीट पोहोचवला आणि शेवटी विचारले, “म्हणजे आई मरणार आहे का?” ज्या वयात मुलाने पाटी-पुस्तकात यश मिळवून आत्मविश्वास कमवायचा, त्या वयात आम्ही तिच्या खांद्यावर आईचे निदान ठेवले. त्या दिवसापासून लहान मुलांकडून दुभाष्याचे काम घेणे आम्ही बंद केले आहे. आमच्या काही आया आणि वॉर्डबॉय तेलुगू व कन्नड उत्तम जाणतात. गोपनीयता कशी पाळावी, आपल्या पदरचे काही न घालता बोलणे कसे पोहोचवावे, याचे शिक्षण त्यांना देण्यास आम्ही आरंभ केला आहे. आपले नेहमीचे काम सांभाळून ते हे करतात, हे येथे कृतज्ञतेने नमूद करतो.

देणगीदारांपाशी आमचे मागणे दोन गोष्टींचे आहे. या दुभाष्यांच्या प्रशिक्षणासाठी व मानधनासाठी कायम निधी असावा, आणि आमच्या खोलीला पडद्याऐवजी बंद होणारे दार असावे. पडद्याआड बोललेले बाहेरच्या बाकावर ऐकू जाते, आणि दंडावरचे वळ पडद्याआड कुणी दाखवत नाही.

रुग्णांच्या कुटुंबीयांना विनंती अशी की, आपल्या माणसाला थोडा वेळ आमच्याकडे एकटे सोडावे लागले, तर आपणांस दूर केले असे मानू नये. आपली पाळी लगेच येणार असते. घरी जाताना काही पटले नसेल, काही बोचले असेल, तर ते आम्हाला सांगावे. भिवंडीला निघून गेलेल्या त्या मुलाच्या आईने ते सांगितले, म्हणून आम्ही सुधारू शकलो. ती माउली आज या सभेत आहे की नाही, ते पाहण्याचे धाडस आम्हाला झाले नाही. असल्यास तिला आमचा नमस्कार.